गाळलेलं कडवं

माननीय अध्यक्षा अनघाताई, व्यासपीठावरची ज्येष्ठ मंडळी, आजचे सत्कारमूर्ती मुकुल, गार्गीवहिनी, आणि टॅम्पिनीसपासून जुरोंग ईस्टपर्यंत शहराच्या कानाकोपऱ्यातून रविवारची झोप मोडून आलेले रसिकहो, सर्वांना नमस्कार आणि सप्रेम जय भीम.

मुकुल कंपनीच्या बदलीने डब्लिनला चालले आहेत. त्यांच्या बँडमध्ये मी, रत्नदीप, गातो. म्हणून बोलण्याचा मान मला मिळाला. निरोपाला गोड बोलावं अशी रीत आहे. प्रयत्न करतो.

मुकुलला मी अरे-तुरे करतो, तेव्हा अहो-जाहो इथंच सोडतो. माणूस गुणी. तालमीला उशीर करेल त्याने सगळ्यांना कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, आणायची, हा नियम त्याचा. आणि सगळ्यात जास्त कोपी त्यानेच आणली.

पाया लेबारच्या हॉकर सेंटरमध्ये जेवताना त्यानेच मला आमचा बँड वाजवतो त्या एका आयरिश रॉक गाण्याची कहाणी सांगितली. आपण त्यावर टाळ्या वाजवतो, पण ते कशावर आहे, विचारलंय कधी? तिकडच्या डेरी शहरात नागरी हक्कांचा मोर्चा निघाला होता. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. नि:शस्त्र माणसं मेली. ती निर्दोष होती, हे सरकारने मान्य करायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. सांगताना मुकुलचे डोळे भरून आले होते.

मग मी त्याला माझ्या सुरेशमामाचं सांगितलं. आमच्या वस्तीच्या मोर्चावर पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात मामा गेला. तो दंगेखोर नव्हता, एवढं एक वाक्य ऐकायला माझी आई अजून थांबली आहे. मुकुल म्हणाला, "रत्न्या, यावर मराठी कडवं लिही. गाण्याच्या मध्ये घालू." मी लिहिलं.

आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनासाठी आईला गावाहून इकडे आणलं. पांढरी साडी नेसून ती पहिल्या रांगेत बसली होती. कडव्याची जागा आली, मी श्वास घेतला, आणि मुकुलची गिटार थेट ध्रुवपदावर गेली. ड्रमवर वरुण, कीबोर्डवर सारंग, दोघेही न चुकता बरोबर गेले. म्हणजे ठरलं होतं. मला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही वन्स मोअर दिलात, तेव्हाही ते गाळलंच.

आई टॅक्सीने पुढे गेली होती; परतताना मेट्रोत, MRTमध्ये, मुकुल म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस रे. आपल्या लोकांत उगाच वाद नकोत."

मी विचारलं, "मग डेरी कसं चालतं?"

"ते लांबचं आहे ना."

याला आपल्याकडे केसाने गळा कापणं म्हणतात. परक्याने केलं असतं तर मी विसरलोही असतो. याला मी मामा दिला होता, हो. माझ्या दु:खाला याने चाल लावून दिली आणि ऐन वेळी माझंच तोंड बंद केलं.

घरी आल्यावर आईने विचारलं, "कडवं विसरलास का रे बाबा?" मी हो म्हणालो. काय सांगणार होतो? तुझा भाऊ कार्यक्रमात बसत नव्हता, असं?

आज माइक माझ्या हातात आहे. माझी बायको आईला व्हिडिओ कॉलवर हे दाखवते आहे. अंजली, फोन जरा वर धर, आईला दिसू दे. मंडळी, माझ्या मामाचं नाव सुरेश. तो मोर्चात पुढे होता, हातात काही नव्हतं, आणि तो निर्दोष होता.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. मुकुल, तुझी मात्र मी माफी मागत नाही. प्रवास सुखाचा होवो.

आई, मी विसरलो नव्हतो गं.