बन इन द ओव्हन

जुन्नरच्या एसटी स्टँडवर तेजस्विनी मढच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर बेकरीवाले जलालचाचा आणि त्यांची बायको कमरजहाँ बोलत होती.

"इफरा फोनवर काय म्हनाली, नीट आठवा."

"म्हनाली, अब्बा, बन इन द ओव्हन. आन हसली."

"मग?"

"मी म्हनलं, आच कमी ठेव, खालनं करपतंय. तर लईच हसली आन फोन ठिवला."

"नर्सची नोकरी सोडून विलायतेत पाव भाजाया लागली का काय? आपल्यापासनं लपिवतीय."

"आवाज तर चांगला व्हता."

"लग्नाला इतकी वर्सं झाली, पोर न्हाई, आन आता हे."

तेजस्विनी मढच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तिला राहवलं नाही.

"मावशी, मधेच बोलते, रागवू नका. तिकडं बाईला दिवस गेले, की बोलताना गमतीनं असं म्हणतात."

चाचा तिच्याकडं वळले.

"कुनाला दिवस गेले?"

"अवो, आपल्या इफराला!"

"मग सरळ सांगायचं की!"

"फोन तुमी उचलला व्हता. बापाला सरळ कसं सांगंल?"

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली आणि टोपीनंच डोळे पुसले.

मढची गाडी लागली. तेजस्विनी पिशवी घेऊन उठली, तरी तिचा पाय निघेना.

"चला, त्या बूथवरनं फोन लावू," कमरजहाँ चाचांना म्हणाली.

"लावतो. पन बोल तूच."

"मी न्हाई. तुमीच बोला. तिनं तुमाला सांगितलंय."