कडूपणा काढलेल्या झाडांच्या चोरीबाबत

नाव दप्तरी नोंदलं आहे. कामावर सगळे 'चिमटा' म्हणतात. वय २९. व्यवसाय: वनस्पती प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थिनी. राहणार: प्रयोगशाळेमागचं वसतिगृह.

समक्ष हजर राहून सांगते की, झाडात कडू रस कशामुळे तयार होतो ते आम्ही शोधतो. ज्या जनुकावर संशय असतो ते कापायचं आणि कडूपणा जातो का बघायचं. आमच्या जनुक कापलेल्या झाडांतून तो गेला. शेजारच्या ओळीत तुलनेसाठी न कापलेली झाडं आहेत, ती कडूजहर.

काचघराला जाळीची दोन दारं आहेत. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा नियम माझ्या मार्गदर्शक सरांचाच. मागच्या महिन्यात सरांचे फोटो काढायला फोटोवाले आले, तेव्हा चेहऱ्यावर जाळीची सावली पडते म्हणून सरांनी दुपारभर दोन्ही दारं उघडी ठेवली. वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, किडे शिरतील." सर म्हणाले, "तुम्ही गेट सांभाळा, विज्ञान मी सांभाळतो."

नंतर सरांनी आम्हाला त्यांच्या भाषणाची चित्रं करायला बसवलं. झाडांना पाणी यंत्र घालतं, त्यामुळे आत कोणी गेलं नाही. परवा पाहिलं तर कापलेल्या झाडांच्या नुसत्या काड्या उरलेल्या. कडू ओळीला धक्का नाही. सर म्हणाले, "नेमकी आपलीच पानं खुडली. चोर जाणकार आहे." आणि काकांकडे बोट दाखवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ट्रेमध्ये अळ्यांची विष्ठा होती. पोलीस येण्याआधी सरांनी ती माझ्याकडून धुऊन घेतली. एक ट्रे मी धुतला नाही. तो ट्रे आणि बरणीतल्या अळ्या हजर करते. हवालदारांनी खात्रीसाठी मी सोबत आणलेलं कडू ओळीतलं पान चावलं आणि खिडकीबाहेर थुंकले. अळ्यांनीही त्याला तोंड लावलं नाही. आमचा प्रयोग यशस्वी झाला आहे, फक्त निकाल अळ्यांनी आधी लावला. सरांनी आजवर एकही पान चाखलेलं नाही.

सर सकाळी म्हणाले, "प्रबंधावर सही माझी लागते, लक्षात आहे ना?" आहे. पण काका परवापासून कोठडीत आहेत आणि त्यांची मुलगी बाहेर बाकावर डबा घेऊन बसली आहे. मला राग आला आहे, असं लिहावं. हवालदार म्हणाले, "राग जबाबात लिहीत नाहीत, ताई." मग लिहिला.

जबाब मोठ्यानं वाचून दाखवला, कोठडीत काकांनाही ऐकू गेला. 'अज्ञात चोर' खोडून 'अळ्या' केलं, बाकी मी सांगितलं तसंच आहे. खाली माझी सही करते. इथे सरांची लागत नाही, हे विचारून घेतलं आहे.