पिवळी रेघ मारलेले सहा नट

पुरवणी जबाब
दि. १४ नोव्हेंबर २०२५

नाव सहादेव कचरू भिंगारदिवे, वय ४१ वर्षे, धंदा वेल्डिंग व फॅब्रिकेशन, रा. टाकळी फाटा, ता. कोपरगाव, जि. अहिल्यानगर.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन ठाण्यात येऊन सांगतो ते असे की, वाल्मिक जगधने हा माझी पत्नी सत्यशीला हिचा धाकटा भाऊ आहे. तो स्वतःच्या पिकअपवर भाडी मारतो. उसाच्या रानात गाडी रुतते म्हणून त्याने जुने मोठे टायर बसवले. ते वळणावर मडगार्डला घासू लागले, त्यामुळे केबिन चेसिसपासून तीन इंच उचलायची ठरली. तयार किट परवडत नव्हते. मी भंगारातून नायलॉनचा जुना रोलर आणला, लेथवर कापून त्याचे केबिनखाली घालायचे सहा ब्लॉक केले आणि लांब बोल्ट घेतले. आरटीओची परवानगी काढली नाही. ब्लॉक मी व्हर्नियरने मोजून केले होते. मंगळवारच्या अपघातानंतरही त्यातला एकही फुटलेला नाही, हे पंचनाम्यात लिहावे.

माझी कामाची पद्धत अशी आहे की, नट पान्याने कसला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारायची. रेघ असलेल्या नटाला पुन्हा हात लावायचा नाही. सोमवारी दि. १० रोजी मागचे चार नट कसले. पुढचे दोन ब्लॉक नीट बसावेत म्हणून तिथले दोन नट नुसते हाताने फिरवून ठेवले. रंगाचा डबा उघडा होता, रंग वाळत होता, म्हणून सहाही नटांवर रेघा मारून घेतल्या. तेवढ्यात माझी आई केशरबाई भाकरी घेऊन आली. जेवून आलो तर रेघा दिसल्या. मी पाने आवरले.

वाल्मिकने विचारले होते, "दाजी, म्होरचे दोन आवळले का?" मी म्हणालो, "रेघ दिसत न्हाई व्हय तुला?" मला त्याचा राग आला होता. माझ्या कामात कोणी खोट काढलेली मला चालत नाही.

मंगळवारी सकाळी आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचे होते. केबिन उंच झाल्याने तिला चढता येईना, म्हणून मी तिला उचलून आत बसवले. वाल्मिक तिला घेऊन निघाला, मी मागे राहिलो. अकराच्या सुमारास कालव्याच्या वळणावर केबिन पुढून उचलली गेली, स्टिअरिंगचा रॉड सांध्यातून निसटला आणि गाडी कालव्यात गेली. मी पोचलो तेव्हा आई गेलेली होती. मी गाडीखाली वाकून पाहिले. पुढचे दोन्ही नट नव्हते.

दवाखान्यात हवालदारसाहेबांनी विचारले, गाडी जोरात होती का. मी "व्हय" म्हणालो. तसे लिहिलेल्या फिर्यादीवर माझी सही आहे आणि ती फिर्याद खोटी आहे. तिच्यावरून वाल्मिकवर गुन्हा दाखल झाला आहे. त्याच्या खांद्याचे हाड मोडले असून तो दवाखान्यात आहे. काल मी त्याला भेटलो. तो म्हणाला, "मी जोरात हुतो आसंच ऱ्हाऊ द्या, दाजी. आक्काचं घर तरी ऱ्हाईल." मी परत आलो. आई गेल्यापासून मला रडू आलेले नाही. जेवण जाते, झोपही लागते. त्याची लाज वाटते.

गाडी हळू होती. वाल्मिकची चूक नाही. नट मी सैल ठेवले. त्याचे लायसन जाऊ नये.

सत्यशीला बाहेर बाकावर बसली आहे. आईच्या मृत्यूच्या दाखल्याचे कागद आणायला आलो आहोत, असे तिला वाटते. तीन दिवस ती भावाच्या नावाने बोटे मोडते आहे. त्याच्याकडे अजून गेलेली नाही. तिला हे तोंडाने सांगणे मला जमत नाही. जबाब वाचून दाखवताना तिला आत बोलवावे.

वरील जबाब पत्नी सत्यशीला हिच्यासमोर वाचण्यात आला. तिने तो उभे राहून ऐकला. ती दवाखान्यात गेली आहे. जबाब मी सांगितला तसाच लिहिला आहे, तो बरोबर आहे.

सही
सहादेव कचरू भिंगारदिवे