खिळ्यावरचा टॉवेल

सुशीला: कमलीचे बाबा, तुमी न्हाणीतून निघाले कवा?

देवराव: झाले असन वीस मिनिटं. पेपर वाचून राहिलो ना.

सुशीला: आन् मी शेगडीपाशी पाणी घेऊन बसून आहो. दोनदा तापवलं. भिलाईत एवढी थंडी अन् तुमाले पेपर सुचते.

देवराव: खिळ्यावरचा टॉवेल काढला ना मी. टॉवेल नाही, म्हंजे न्हाणी मोकळी. नियम तुयाच हाये.

सुशीला: मले सयपाकघरातून खिळा दिसते का? आवाज कावून नाही देला?

कमलिनी: एक मिनिट, आई. बाबांनी टॉवेल काढला, पण तुला सांगितलं नाही. असंच ना?

देवराव: तू तं वकिलावानी विचारून राहिली. कारखान्यात जा, आज तुय्या कॉम्प्युटरची ट्रायल हाये.

कमलिनी: उसीका तो रोना है. ट्रक तोलायच्या काट्यावरचं वजन दोघं वाचतात. एक काट्याच्याच चिपमधला प्रोग्राम, दुसरा कॉम्प्युटरमधला माझा. दोघं एकदम घुसले की आकडा बिगडतो. म्हणून प्रोग्राममध्ये मी पण टॉवेलच लावला. एक आत, तर दुसरा बाहेर थांबेल.

देवराव: मंग बराबर केलं.

कमलिनी: पण माझं काम झालं तरी चिप थांबूनच राहते. काटा ठप्प. आजही ठप्प झाला तर साहेब मला परत टायपिंगला बसवतील. मला नाही जायचं तिथं.

सुशीला: थे बिचारी माह्यावानी बसून असन, आवाजाची वाट पाहत.

कमलिनी: हो ना. मी आवाजच देत नाही.

देवराव: पन कोनी थांबलं नसन तरी ओरडाचं का?

सुशीला: थांबनाऱ्यानं बादली ठेवाची दाराशी. निघनाऱ्याले दिसन. बादली असन तं आवाज द्या, नाही तं नोका देऊ.

कमलिनी: आई, हे मी लिहून घेते.

(त्याच दिवशी संध्याकाळी. देवराव न्हाणीत.)

कमलिनी: चाळीस ट्रक गेले, आई. काटा एकदाही अडकला नाही. साहेब म्हणाले, आता हे काम तूच पाहा.

सुशीला: लय बरं वाटलं, बाई. मी एकोणतीस वर्सं बसून राहिली, अन् मशीनीले एका दिवसात न्याव भेटला.

देवराव: आयकलं का वं, निघालो मी. दाराशी ठेवलेली तुयी बादली आत ठेवली. गरम हाये तवर जा.