आत्याची सही

ग्रामसभेवरून आठवलं. आमच्या उमरीकडच्या गावात सभेला माणसंच जमत न्हाईत, म्हणून ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या मागत फिरतो. परवा आमच्या आत्याकडं आला.

आत्या म्हणाली, "आज वाचून दाखव की, सभेत काय ठरलं?"

"गावात पाण्याची तक्रार न्हाई. ठराव तुम्हीच मांडलाय."

आत्यानं कोरड्या नळाकडं पाहिलं. "मी? कवा झाली सभा?"

"सह्या झाल्या की झाली."

आत्यानं पेन घेऊन ठरावाखाली लिहिलं, 'सभा झाली न्हाई. मी घरीच होते.' मग रजिस्टर त्याच्यापुढं सरकवलं. "साक्षीदार म्हणून तू सही कर."

शिपाई घाबरला. "मी कशी करू, आत्या?"

"आम्ही आजवर केली तशी. न वाचता."