सुखदेवचं पाचवं शील

शांतावहिनी, आणि विहारात दाटीनं बसलेल्या माझ्या माणसांनो, जय भीम.

बोलायला उभा राहिलो खरा, पण जीभ जड झाली आहे. माझी जीभ पूर्वी ज्या कारणानं जड व्हायची, ते कारण आज नाही, एवढं सांगून ठेवतो.

आपला सुखदेव गेला. रेल्वेचा गँगमन, उन्हातान्हात रूळ ठोकणारा माणूस. तीन दिवसांच्या तापानं गेला.

ते दिवस आठवा. पौर्णिमेला आपण इथे पंचशील घ्यायचो. पाचवं शील, दारू पिणार नाही, हे सगळ्यांत मोठ्या आवाजात. संध्याकाळी भट्टीवर तेच आवाज, जरा लटपटत. सुखदेव मात्र चार शीलं म्हणायचा आणि पाचव्याला गप्प.

मी विचारलं, "काऊन रे, पाचवं येत नाही का तुले?"

म्हणाला, "येते ना, गुरुजी. पण मी पेतो. चौथ्यात खोटं बोलणार नाई म्हणतो, अन् लगेच पाचव्यात खोटं बोलू?"

हे ऐकून तुमचा हा मास्तर भट्टीवर गेला.

गावात पहिला टीव्ही आला, त्या वर्षी वहिनी पोरीला घेऊन बोरगावला माहेरी गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "पाचवं म्हणसान, त्या दिवशी येईन."

त्यानं दारू थांबवली. पौर्णिमा आली, हा गप्प. दुसरी आली, तरी गप्प. मी चिडलो. "अरे, म्हणून टाक. बायको येईल घरी."

"अजून भरवसा नाई, गुरुजी."

आणि मी काय केलं? माझ्या पुतण्याच्या लग्नात मांडवामागे त्याच्या हातात ग्लास दिला. एक घोट घे, कोणाला कळते? हो, मीच. त्यानं वास घेतला. डोळे मिटले. मग ग्लास हळूच खाली ठेवला, सांडू न देता.

"तुमच्या आवाजात माझं खोटं खपून जाईन, गुरुजी. पण तिले ओळखू येते."

पुढच्या पौर्णिमेला पाचव्याला एक बारीक, चिरका आवाज आला. आपण सगळे थांबलो. तो एकटाच म्हणत होता. निरोप कोणी दिला कोण जाणे, पोरीचा हात धरून वहिनी दारात उभ्या होत्या.

त्यानंतर सात वर्षं मी विचारायचो, "सोडली ना दारू?" तो म्हणायचा, "सोडून राहिलो." मी व्याकरण सुधारायचो, 'सोडतो आहे' नाही, 'सोडली' म्हण. त्यानं कधी म्हटलं नाही. रोज सकाळी त्याला नव्यानं सोडावी लागत होती, हे व्याकरणाच्या पुस्तकात कुठे असतं?

चला, उभे राहू या. दोन मिनिटं शांत. मग पंचशील होईल. पाचव्याला माझा आवाज आला नाही, तर कोणी वळून पाहू नका.

वहिनी, सुरुवात तुम्ही करा.