पट्टीमागची सही

नाव : लॉरेन होलरॉइड, वय ५२ वर्षे, धंदा : खिडक्या-दारे बसवून झाल्यावर पट्ट्या व सिलिकॉन मारून काम पुरे करणे, राहणार : ॲक्रिंग्टन, लँकेशायर.

मी आपण होऊन ठाण्यात आले आहे आणि विचारल्यावरून सांगते की, ट्रेव्हर कॅटलो यांनी माझ्याविरुद्ध केलेली तक्रार मला वाचून दाखवली. तीत लिहिलेले बहुतेक खरे आहे.

माझा थोरला भाऊ ग्लेन कॅटलोकडे खिडक्या बसवण्याच्या कामावर होता. गुरुवार दिनांक ६ ऑक्टोबर २०२२ रोजी संध्याकाळी तो स्वतःच्या घरामागे, स्वतःच्या शिडीपाशी मेलेला सापडला. चौकशीत कॅटलोने सांगितले की, ग्लेन दारू पितो म्हणून त्याला सोमवारीच काढून टाकले होते, त्यानंतर कॅटलोने त्याला पाहिलेही नाही. ग्लेनने अकरा वर्षांत थेंबही घेतला नव्हता. हे मी तेव्हा सांगितले, पण कोणी मनावर घेतले नाही. तो दारू पिऊन शिडीवरून पडला असे धरले गेले आणि गावात तो दारुडा ठरला.

गेल्या आठवड्यात आमच्या कंपनीत एक काम आले. मागच्या बैठकीच्या खिडकीतील दुहेरी काचेत ओल शिरून ती धुरकट झाली होती, ती बदलायची होती. पत्ता कॅटलोच्या घराचा होता. ते काम मी मागून घेतले.

शनिवार दिनांक ७ फेब्रुवारी २०२६ रोजी सकाळी साडेदहाला मी तेथे गेले. कॅटलो त्याच्या आईला आणायला गेला होता. तिचा ऐंशीवा वाढदिवस होता. त्याची बायको जॅनिस मला ओळखत नाही. ती म्हणाली, "पाहुणे एकला येतील हं, त्याआधी आटपा म्हणजे झालं." मी जुनी काच काढून गाडीत ठेवली. काच बदलण्यासाठी चौकटीभोवतीची पट्टी काढावी लागत नाही. मी ती काढली.

आमच्या धंद्यात काम पुरे झाले की पट्टी ठोकण्याआधी आत विटेवर नाव व तारीख लिहितात. घरमालकाला ते कधी दिसत नाही. तेथे पेन्सिलीने लिहिले होते : "ग्लेन होलरॉइड, गुरुवार, ६ ऑक्टोबर २०२२. जेवून मग वरची." त्याखाली दुसऱ्या हाताने : "घर माझे, म्हणून मीपण. ट्रेव्हर कॅटलो." मी खाली बसले. मग उठून फोटो काढले आणि एक वाजेपर्यंत थांबले.

पाहुणे आले. कॅटलोने मला पाहिले, मग वीट पाहिली.

तो म्हणाला, "लॉरेन, आपण बाहेर जाऊन बोलू."

मी म्हणाले, "बाहेरच आहोत, ट्रेव्हर. खिडकीला काच कुठाय?"

तो ओला फडका घेऊन आला तेव्हा मी विटेला पाठ लावून उभी राहिले आणि ठाण्यात फोन केला. त्याची आई कोट न काढताच जवळ आली, चष्मा लावून तिने ते मोठ्याने वाचले. म्हणाली, "हे अक्षर आमच्या ट्रेव्हरचंच. पण तू तर म्हणालास, तो पोरगा त्या दिवशी आलाच नव्हता." एवढ्यासाठीच मी पाहुण्यांची वाट पाहिली होती.

ठाण्यातील माणसे येऊन विटेचे फोटो घेईपर्यंत मी हलले नाही. मग नवी काच न बसवता परत नेली, हे खरे आहे. ती त्याच खिडकीच्या मापाची आहे, दुसरीकडे बसत नाही. माझ्या अंगणात उभी आहे. त्याच्या बैठकीत थंडी शिरत असेल तर शिरू दे.

माझी विनंती आहे की, वरच्या मजल्यावरील खिडकीची पट्टीही आपल्यासमोर काढावी. तेथे ग्लेनचे नाव सापडणार नाही. काम पुरे झाल्याशिवाय तो कधी लिहीत नसे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. "सूड म्हणून केले का" या प्रश्नाला मी "होय" म्हटले होते, ते लिहायचे राहिले होते, ते आता घातले आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे. खाली माझे नाव व तारीख मी माझ्या हाताने लिहीत आहे.

लॉरेन होलरॉइड
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६